लिंकन : युद्धाचा हुकूम आणि संविधानाची मोहोर

अब्राहम लिंकन म्हटले की गुलामांचे मुक्तिदाते एवढेच आपल्याला आठवते. पण युद्धाचा अधिकार राष्ट्राध्यक्षाचा की संसदेचा, या वादात ते दोन्ही बाजूंना उभे राहिले होते, हे फारसे सांगितले जात नाही.

१२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकीतील एका लाकडी झोपडीत त्यांचा जन्म झाला. शाळा जेमतेम वर्षभराची. पुढे ते वकील झाले आणि १८४७ साली प्रतिनिधीगृहात बसले. तेव्हा मेक्सिकोशी युद्ध चालू होते. आपल्या भूमीवर अमेरिकनांचे रक्त सांडले, असे राष्ट्राध्यक्ष पोल्क यांचे म्हणणे होते. ती जागा नेमकी कोणती ते दाखवा, असा ठराव लिंकन यांनी मांडला. युद्ध पुकारण्याचा अधिकार संविधानाने काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला दिला आहे, यावर ते ठाम होते.

तेच लिंकन १८६१ साली राष्ट्राध्यक्ष झाले. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटलेल्या दक्षिणेने एप्रिलमध्ये सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या. संसदेचे अधिवेशन चालू नव्हते. लिंकन यांनी ७५,००० सैनिक मागवले, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा हक्क स्थगित केला. हजारो माणसे खटल्याविना तुरुंगात गेली. हा डाग झाकण्याचे कारण नाही.

मात्र ४ जुलैला त्यांनी संसद बोलावली आणि आपल्या कृतीचा हिशेब तिच्यापुढे ठेवला. सैन्याविषयीच्या हुकमांना ऑगस्टमध्ये मंजुरी मिळाली. अटकेच्या अधिकाराचा कायदा मात्र १८६३ साली झाला.

१ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामाही सरसेनापतीचा युद्धकालीन हुकूमच होता. तो फक्त बंडखोर भागापुरता होता. युद्ध संपले की असा हुकूम टिकेल काय, ही शंका लिंकन यांनाही होती. म्हणून त्यांनी तेराव्या घटनादुरुस्तीचा आग्रह धरला. ३१ जानेवारी १८६५ रोजी प्रतिनिधीगृहाने ती ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर केली. एप्रिलमध्ये लिंकन यांचा खून झाला; डिसेंबरमध्ये दुरुस्ती संविधानात आली.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील सदाचारी जनतेला, एका सत्ताधीशाला नव्हे. हुकमाने मिळालेली मुक्ती हुकमाने काढूनही घेता येते. संविधानात कोरलेली मुक्ती सहजासहजी हिरावता येत नाही. हे लिंकन यांना कळले होते, आपणही विसरता कामा नये.