कॉर्बेट यांची हलकी रायफल

तुंगारेश्वरच्या रानात संध्याकाळी भेकर ओरडले, की वसई-विरारचा जाणता भटक्या जागीच थबकतो. कुत्र्याच्या भुंकण्यासारखा तो खडा आवाज म्हणजे जवळपास बिबट्या असल्याची वर्दी असू शकते. कुमाऊँच्या डोंगरात भेकराला काकड म्हणतात. तिथे काकडाच्या अशाच हाकेवरून वाघ-बिबट्यांचा माग काढणारा एक माणूस होऊन गेला. त्याचे नाव जिम कॉर्बेट. नरभक्षकांचा कर्दनकाळ म्हणून तो जगभर गाजला. परंतु या माणसाच्या हाती आयुष्यभर जी रायफल शोभली, ती तेव्हाच्या शिकाऱ्यांच्या हिशेबात काकडासारख्या लहान हरणांसाठी पुरेशी अशी हलकी रायफल होती.

कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील क्रिस्टोफर कॉर्बेट तिथे पोस्टमास्तर होते. जिम सहा वर्षांचाही झाला नव्हता, तेव्हा त्यांचे निधन झाले. कुटुंब मोठे आणि पैसा बेताचा. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगीला, असा त्यांचा शिरस्ता होता. कालाढुंगीच्या रानात या मुलाने आधी गलोल चालवली, पुढे त्याला ठासणीची एक जुनी दुनळी बंदूक मिळाली. तिची एक नळी फुटलेली होती. दारू आणि छर्रे विकत घेणे परवडत नसे, त्यामुळे नेम चुकणे ही चैन नव्हतीच. सावजाच्या शक्य तितके जवळ जायचे आणि खात्री झाल्यावरच चाप ओढायचा, ही शिस्त त्याच्या अंगी गरिबीने बाणवली.

दहाव्या वर्षी जिम शाळेच्या कॅडेट पथकात दाखल झाला. तेथील सार्जंट-मेजरने त्याला पथकातील एक मार्टिनी रायफल वापरायला दिली. अटी दोनच होत्या. रायफल स्वच्छ ठेवायची आणि रिकामी काडतुसे परत आणून द्यायची. या रायफलीचा धक्का लहान मुलाचा खांदा बधिर करण्याइतका जबर होता. तरीही तिच्यानेच जिमने आपला पहिला बिबट्या मारला. मोजून दिलेली आणि मोजून परत करायची ती काडतुसे पुढे त्याच्या स्वभावाचाच भाग बनली.

रायफलीचा बोअर म्हणजे तिच्या नळीचा आतील व्यास. जाडजूड शिशाची गोळी मोठ्या जनावराला पाडते, पण वीस-पंचवीस किलोच्या भेकराच्या मांसाची ती नासाडी करते. शिवाय मोठ्या धक्क्याच्या भीतीने नेम ढळतो तो वेगळाच. उलट, संपूर्ण धातूचे आवरण असलेली कठीण गोळी आरपार निघून जाण्याचा संभव असतो. जखमी जनावर मग दूर झाडीत जाऊन तडफडत मरते. म्हणून लहान हरणासाठी जाणकार शिकारी मध्यम बोअरची, धक्का कमी देणारी रायफल आणि लागताच फुलणारी मऊ टोकाची गोळी निवडत. या निवडीमागे खरा प्रश्न एकच होता. जनावर एका गोळीत मरेल की जखमी होऊन निसटेल?

त्या प्रश्नाचे गांभीर्य कॉर्बेट यांना चंपावतच्या वाघिणीने शिकवले. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसांचा बळी तिच्या नावावर नोंदला गेला होता. १९०७ साली तिच्या मागावर कॉर्बेट निघाले, तेव्हा ते मोकामेह घाट येथे रेल्वेच्या मालाची चढ-उतार करणारे कंत्राटदार होते. पाली गावातील भेदरलेल्या लोकांचा विश्वास मिळवण्यासाठी त्यांनी आधी तीन घुरल टिपून गावाला मांस दिले. दुसरीकडे वाघिणीसाठी रान हाकण्याच्या दिवशी त्यांनी आपल्या .५०० बोअरच्या भारी रायफलीसाठी अवघी तीन काडतुसे बरोबर घेतली. दोन बारांचीच संधी मिळेल आणि तिसरे अडचणीला उपयोगी पडेल, असा त्यांचा हिशेब होता. तो चुकला. तिन्ही काडतुसे संपली आणि घायाळ वाघीण अद्याप उभीच होती. कॉर्बेट यांनी धावत जाऊन तहसीलदारांच्या हातातील बंदूक घेतली. ती इतकी खिळखिळी होती की चाप ओढणाऱ्यालाच तिचा धोका होता. त्या बंदुकीचा बार वाघिणीच्या पंजाला लागला आणि ती कोसळली. तिचे प्राण आधीच्या गोळ्यांनीच घेतले होते.

मेलेल्या वाघिणीचा जबडा कॉर्बेट यांनी तपासला. उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले होते, वरचा अर्धा तर खालचा थेट हाडापर्यंत. कुणा शिकाऱ्याच्या गोळीने ते केव्हातरी मोडले होते. नेहमीचे भक्ष्य मारणे अशक्य झाल्यामुळे ती माणसाकडे वळली होती. कुणीतरी अर्धवट सोडलेल्या एका बाराची किंमत शेकडो घरांनी मोजली होती.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी कॉर्बेट यांना लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ बोअरची रायफल भेट दिली. दस्त्यावर चांदीची पट्टी होती आणि तीवर चंपावतचा उल्लेख कोरलेला होता. मूळच्या जर्मन बनावटीचे सात मिलिमीटरचे हे काडतूस. त्यातील १४० ग्रेनची गोळी वजनाला जेमतेम नऊ ग्रॅम भरते. जुन्या मार्टिनीची गोळी हिच्या तिपटीहून जड असे. काकड-घुरलासाठी ही रायफल अगदी बेताची होती. वाघांसाठी कॉर्बेट यांनी पुढे जेफ्री कंपनीची .४५०/४०० बोअरची दुनळी रायफलही बाळगली. परंतु डोंगर चढताना दिवसेंदिवस खांद्यावर वागवता येईल आणि क्षणात रोखता येईल अशी रायफल रिग्बीच होती. तिच्या उणिवा त्यांना ठाऊक होत्या, त्या ते अंतर कमी करून आणि थांबून भरून काढत.

सव्वाशे माणसे मारणारा रुद्रप्रयागचा बिबट्या त्यांनी मे १९२६ मध्ये याच रायफलीने टिपला. त्यासाठी गोलाबराईच्या आंब्यावर त्यांनी ओळीने दहा रात्री काढल्या होत्या. एप्रिल १९३० मध्ये चौगडची वाघीण अवघ्या काही पावलांवर समोर आली, त्या वेळी त्यांच्या डाव्या हातात पक्ष्याची दोन अंडी होती. उजव्या हातानेच रायफल हळूहळू फिरवून त्यांनी बार काढला. एवढे होऊन अंडी शाबूत राहिली आणि ती त्यांनी पुन्हा घरट्यात नेऊन ठेवली.

पुढे त्यांच्या हाती बंदुकीपेक्षा कॅमेरा अधिक दिसू लागला. भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान १९३६ साली स्थापन झाले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी छिंदवाड्याच्या रानात सैनिकांना जंगलातील युद्धाचे धडे दिले. कुमाऊँच्या नरभक्षकांवरील त्यांचे पहिले गाजलेले पुस्तक १९४४ साली मुंबईतूनच, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या येथील शाखेने प्रसिद्ध केले. १९४७ च्या अखेरीस ते बहिणीसह केनियाला गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी त्या उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले.

ती रिग्बी रायफल २०१६ साली पुन्हा कुमाऊँत आणली गेली, ती केवळ पाहण्यासाठी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात भेकराची शिकार गुन्हा ठरवली आहे, त्यामुळे बोअर आणि काडतुसाची ती जुनी चर्चा इतिहासजमा झाली. २००३ साली अभयारण्य झालेल्या तुंगारेश्वरच्या उतारावर भेकराची हाक मात्र अजून ऐकू येते.