नारायण मेघाजी लोखंडे आणि निवेदनाची ताकद

सार्वजनिक सेवांच्या खाजगीकरणाविरुद्ध कामगार संघटनांचे शिष्टमंडळ आमदार-खासदारांना निवेदन द्यायला निघाले की, आपल्याच चळवळीतील काही मंडळींना हसू येते. कागदाने काय होणार, असा त्यांचा सवाल असतो. या मंडळींनी रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचे चरित्र एकदा डोळ्यांखालून घालावे, असे आम्हांस वाटते.

लोखंडे यांचा जन्म 1848 चा. मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. माळी समाजातील गरीब घर. त्यामुळे शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झाले. काही काळ रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरी करून ते 1870 च्या सुमारास मुंबईच्या मांडवीतील कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम, आठवड्याची सुट्टी नाही, पगाराचा भरवसा नाही, यंत्रात हात गेला तर घरचा रस्ता! हे सारे त्यांनी रोज पाहिले. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचाराने त्यांना दृष्टी दिली. 1877 साली कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेले ‘दीनबंधु’ पत्र 1880 साली लोखंडे यांनी मुंबईत हाती घेतले आणि ते कष्टकऱ्यांचे मुखपत्र बनले.

1881 साली पहिला फॅक्टरी कायदा आला. त्यात मुलांच्या कामाचे तास ठरले. प्रौढ कामगारांच्या तासांविषयी मात्र कायदा मुका राहिला. 1884 साली सरकारने चौकशी कमिशन नेमले तेव्हा लोखंडे यांनी सप्टेंबरमध्ये मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या वेळेला मर्यादा, पुढील महिन्याच्या 15 तारखेपर्यंत पगार, जखमी कामगाराला बरा होईपर्यंत वेतन आणि कायमचा जायबंदी झालेल्यास निर्वाहाची तरतूद, या त्या मागण्या. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी राहिली ती याच काळात.

निवेदन दिले आणि लगेच न्याय मिळाला, असे झाले नाही. वर्षे गेली. लोखंडे थांबले नाहीत. 1889 साली पुन्हा अर्ज गेला. 1890 च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षीच्या फॅक्टरी कमिशनच्या कामात मुंबईच्या कामगारांच्या वतीने लोखंडे यांना घेण्यात आले. 1891 च्या सुधारित कायद्याने आठवड्याच्या सुट्टीला कायद्याचे बळ दिले.

या कामाला मर्यादाही होत्या. असोसिएशनकडे सभासदांची नोंदवही नव्हती, वर्गणी नव्हती, नियम नव्हते. लोखंडे यांच्या पश्चात ती टिकली नाही. गिरणीच्या विणकाम खात्याचा दरवाजा अस्पृश्य कामगारांना बंदच राहिला. तो प्रश्न वेशीवर टांगायला 1928-29 च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनाच पुढे यावे लागले.

1896 साली मुंबईत प्लेग आला. ज्याला शक्य होते तो शहर सोडून पळाला. लोखंडे मात्र रुग्णांच्या सेवेत राहिले आणि 9 फेब्रुवारी 1897 रोजी त्याच रोगाने गेले. महिनाभरानेच पुण्यात सावित्रीमाई प्लेगग्रस्तांची सेवा करता करता गेल्या. सार्वजनिक सेवा म्हणजे काय, हे या दोघांनी प्राण देऊन सांगितले.

आता मुद्दा आजचा. भारत ॲल्युमिनियम कंपनीचे 51 टक्के भाग सरकारने 2001 मध्ये विकले. कामगार न्यायालयात गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्गुंतवणूक हा आर्थिक धोरणाचा विषय ठरवला आणि धोरणाचा वाद संसदेत घालायचा असतो, असा निर्वाळा दिला. आम्ही वकील आहोत. कोर्टाची पायरी कुठे संपते हे आम्हांला ठाऊक आहे. घटनेच्या कलम 16(4) चे आरक्षण राज्याच्या सेवेतील पदांना लागते. सेवाच खाजगी मालकाकडे गेली तर कलम पुस्तकात राहील आणि आमची पोरे दारात! एस.टी., वीज, सरकारी दवाखाने, जिल्हा परिषदेची शाळा ही आमच्या वस्त्यांची जीवनवाहिनी आहे. तिचा निर्णय विधिमंडळात आणि संसदेत होणार असेल, तर तिथल्या माणसाला गाठलेच पाहिजे.

म्हणून निवेदन द्या, पण लोखंडे यांच्यासारखे द्या. कागदामागे हजारोंच्या सह्या हव्यात, सह्यांमागे सभा हवी, सभेत स्त्रिया बोलत्या हव्यात आणि त्यांच्याकडे राहून गेली ती नोंदवही, ती वर्गणीही हवी. मत मागायला आलेल्या प्रत्येकाला विचारा, विक्रीच्या ठरावावर तुमचा हात वर होता की खाली? उत्तर लिहून ठेवा, वस्तीत वाचून दाखवा. लोखंडे यांना एका रविवारसाठी सहा वर्षे लागली. आपल्यालाही लागतील. पण सुरुवात तर करूया!

जयभीम!