साने गुरुजी : कर्तृत्वाआडची उदासी

साने गुरुजींचे नाव निघाले की आपल्याला दोन गोष्टी हटकून आठवतात : 'श्यामची आई' आणि डोळ्यांतले पाणी. शहापूर-मुरबाडच्या गावागावांतील शाळांत आम्ही त्यांच्या गोष्टी ऐकतच मोठे झालो. पुढे त्यांचे चरित्र सलग वाचले, तेव्हा मात्र माझ्या मनात निराळाच प्रश्न उभा राहिला. ज्या माणसाचे अश्रू साऱ्या महाराष्ट्राने पाहिले, त्याचे दुःख महाराष्ट्राला कितपत दिसले?

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घराणे खोतांचे, पण वैभव ओसरलेले. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे अशी वणवण झाली. १९१७ साली आई गेली. अखेरच्या क्षणी ते तिच्याजवळ नव्हते. ही रुखरुख त्यांना जन्मभर पुरली. तरीही ते एम. ए. झाले आणि १९२४ मध्ये अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. वसतिगृहातील मुलांची अंथरुणे आवरणे, कपडे धुणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे, हे सारे ते आनंदाने करीत.

१९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच उतरवून घेतली. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण केले. गांधीजींच्या हत्येनंतर एकवीस दिवसांचे उपोषण केले आणि १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. शिवाय कथा, कादंबऱ्या, चरित्रे, भाषांतरे यांचा ढीग! हा आलेख पाहून या माणसाचे मन आतून थकलेले असेल, असे कोणाला वाटेल?

पण ते थकलेले होते. आपण कोणाच्या उपयोगी नाही, आपण अपुरे आहोत, हा सूर त्यांच्या लेखनात पुनःपुन्हा डोकावतो. ११ जून १९५० रोजी मुंबईत, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी आपली जीवनयात्रा स्वतःच संपविली.

त्यांच्या मनाला एखाद्या आजाराचे नाव देण्याचा मला अधिकार नाही. तो तपासणाऱ्या वैद्याचा. परंतु मानसशास्त्र आज अशा एका उदासीची ओळख करून देते, जी वर्षानुवर्षे मंद आचेसारखी जळत राहते. दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ मन बहुतेक दिवस खिन्न असते, झोप-भूक बिघडते, स्वतःविषयी हीनभाव वाटतो; आणि तरीही माणूस आपली कामे करीत राहतो. म्हणूनच ती कोणाला दिसत नाही. पुष्कळदा त्या माणसालाही तो आपला स्वभावच वाटतो.

गुरुजींच्या बाबतीत आपण नेमके हेच केले, असे मला वाटते. त्यांच्या अश्रूंना आपण हळवेपणा म्हटले, कोणी मातृहृदय म्हणून गौरविले, तर कोणी रडवेपणा म्हणून हिणविले. स्वभाव म्हटला की विचारपूस संपते. आणि जो साऱ्यांचे डोळे पुसतो, त्याचे डोळे कोणी पुसायचे?

हा प्रश्न केवळ गुरुजींचा नाही. किन्हवली, सरळगाव, टोकावडे येथून एस. टी. ने येणारी आपली किती मुले-मुली पहाटे उठून घरचे पाणी भरतात, आषाढात लावणीला उभी राहतात आणि परीक्षेत उत्तम गुणही मिळवितात! त्यांच्यापैकी एखाद्याचा जीव महिनोन् महिने कशातच रमत नसेल, तर ते ओळखणार कोण? घरी कळले तर बाहेरची बाधा म्हणून भगताकडे नेतील. न कळले तर अंगात आळस भरला म्हणतील. काम वेळेवर होते आहे, म्हणजे सारे ठीक आहे, असे आपण सारेच धरून चालतो.

गुरुजींच्या काळी औषधोपचाराची वाट फार अरुंद होती. आज तशी स्थिती नाही. ठाण्याला १९०१ सालापासूनचे मनोरुग्णालय आहे, आणि २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर कोणालाही विनामूल्य बोलता येते. पण तो क्रमांक फिरविण्याआधी, आपले दुखते आहे, हे मान्य करण्याइतका धीर लागतो. तो धीर शेजारी बसणाऱ्या मित्राच्या एका प्रश्नाने येऊ शकतो.

गुरुजींचे प्रेम आपण शिकावे, यात शंका नाही. परंतु त्यांनी स्वतःवर करावयाचे राहून गेलेले प्रेमही आपण शिकले पाहिजे. मित्रहो, वर्गातील सर्वांत कामसू, सर्वांच्या हाकेला धावणाऱ्या मुलाला किंवा मुलीला एकदा बाजूला घेऊन, ती स्वतः कशी आहे, हे विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.