जिम मॉरिसन : बंद शवपेटीचे गूढ

३ जुलै १९७१ ची सकाळ. पॅरिसच्या जुन्या मारे भागातील रू बोत्रेयी या रस्त्यावरील १७ क्रमांकाच्या इमारतीत अग्निशमन दलाचे जवान धावत पोहोचले. भाड्याच्या घराच्या न्हाणीघरात, पाण्याच्या टबमध्ये एक अमेरिकन तरुण निश्चल पडला होता. त्याला बाहेर काढण्यात आले, परंतु तोवर सारे संपले होते. पोलिस आले, डॉक्टर आले. मृत्यू हृदयक्रिया बंद पडल्याने व नैसर्गिकरीत्या झाला, अशी नोंद करण्यात आली. घातपाताचा संशय नसल्याने शवविच्छेदनाची गरज कोणाला भासली नाही. चार दिवसांनी मोजक्या माणसांच्या उपस्थितीत दफन उरकले आणि त्यानंतरच जगाला कळले, की अमेरिकेतील तरुणाईला वेड लावणारा ‘द डोअर्स’चा गायक जिम मॉरिसन वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेला.

रॉक संगीताच्या इतिहासात अकाली मृत्यू थोडे नाहीत. मात्र मॉरिसनच्या मृत्यूभोवती जेवढ्या शंकाकुशंकांचे जाळे विणले गेले, तेवढे क्वचितच कोणाच्या वाट्याला आले असेल. या जाळ्याचा पहिला धागा त्या न झालेल्या शवविच्छेदनात आहे.

नौदल अधिकाऱ्याचा मुलगा

जेम्स डग्लस मॉरिसनचा जन्म ८ डिसेंबर १९४३ रोजी फ्लोरिडातील मेलबर्न येथे झाला. वडील जॉर्ज स्टीफन मॉरिसन हे अमेरिकी नौदलात अधिकारी होते. १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातातील ज्या घटनेने अमेरिकेला व्हिएतनाम युद्धात खोलवर ओढले, त्या वेळी तेथील नौदल तुकडीचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. सततच्या बदल्या, शिस्तीचे घर आणि पुस्तकांत बुडालेला मुलगा, असे जिमचे बालपण गेले. पुढे प्रसिद्धी मिळाल्यावर त्याने आईवडील हयात नसल्याचे सांगून टाकले. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या पिढीचा हा नायक त्याच युद्धातील एका सेनानीचा मुलगा होता, ही विसंगती पुढे संशयकथांना खतपाणी घालणारी ठरली.

लॉस एंजलिसच्या विद्यापीठात चित्रपटाचे शिक्षण घेऊन तो १९६५ मध्ये बाहेर पडला. त्याच उन्हाळ्यात व्हेनिसच्या समुद्रकिनाऱ्यावर त्याची गाठ सहाध्यायी रे मॅन्झारेकशी पडली. जिमने रचलेली गाणी ऐकून मॅन्झारेक भारावला आणि बँडची कल्पना जन्मली. गिटारवादक रॉबी क्रीगर व ड्रमवादक जॉन डेन्समोर हे महर्षी महेश योगी यांच्या ध्यानपद्धतीच्या वर्गातून मॅन्झारेकच्या परिचयाचे झाले होते. बँडचे नाव आल्डस हक्सले यांच्या पुस्तकाच्या शीर्षकावरून घेण्यात आले.

जानेवारी १९६७ मध्ये पहिला अल्बम आला आणि त्याच वर्षीच्या जुलैत ‘लाइट माय फायर’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. सप्टेंबरमध्ये एड सुलिव्हन यांच्या लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात गाण्यातील एक शब्द बदलण्याची सूचना झाली. मॉरिसनने मूळ शब्दच गायला. बँडला त्या कार्यक्रमाचे दार कायमचे बंद झाले. डिसेंबरमध्ये न्यू हेवन येथे त्याला चालू कार्यक्रमात रंगमंचावरूनच अटक झाली. बंडखोर नायकाची प्रतिमा तयार झाली होती. त्या प्रतिमेला लागणारे इंधन मात्र मद्याचे होते.

मायामीचा डाग

१ मार्च १९६९ रोजी मायामीतील कार्यक्रमात मद्यधुंद मॉरिसनने प्रेक्षकांना चिथावले. रंगमंचावर असभ्य वर्तन केल्याचा आरोप त्याच्यावर झाला. त्याने अंगप्रदर्शन केले की नाही, याविषयी अखेरपर्यंत एकमत झाले नाही. त्याच्या सहकाऱ्यांनी ते कायम नाकारले. १९७० मध्ये न्यायालयाने गंभीर आरोपातून त्याला मुक्त केले, परंतु असभ्य प्रदर्शन व अश्लील भाषेबद्दल सहा महिन्यांची कैद आणि ५०० डॉलर दंड ठोठावला. अपिलामुळे तो जामिनावर बाहेर राहिला. या प्रकरणानंतर कार्यक्रम धडाधड रद्द झाले. अमेरिकेची केंद्रीय तपास यंत्रणा असलेल्या एफबीआयच्या कागदपत्रांतही त्याचे नाव गेले.

याच काळात त्याचे समवयस्क एकापाठोपाठ एक जात होते. ब्रायन जोन्स ३ जुलै १९६९ रोजी, जिमी हेंड्रिक्स व जॅनिस जॉप्लिन १९७० च्या शरद ऋतूत. तिघेही सत्तावीस वर्षांचे. मॉरिसन थकला होता. गायकापेक्षा कवी म्हणून ओळख मिळावी, ही त्याची जुनी इच्छा होती. १९७० मध्ये त्याचा कवितासंग्रह प्रसिद्धही झाला होता. ‘एल. ए. वुमन’ या अल्बमचे काम हातावेगळे करून मार्च १९७१ मध्ये तो पॅरिसला निघून गेला. अनेक वर्षांची सहचरी पामेला कर्सन तेथे सोबत होती. वजन वाढलेले, खोकला पाठ सोडत नव्हता, मद्यही सुटत नव्हते.

शंकांचे पीक

पामेलाने पोलिसांना सांगितलेली हकिगत साधी होती. रात्री चित्रपट पाहून दोघे परतले. मध्यरात्री जिमला अस्वस्थ वाटू लागले. त्याला उलट्या झाल्या. आंघोळीला बसतो म्हणून त्याने तिला झोपायला पाठविले. सकाळी तो टबमध्ये निष्प्राण आढळला. बँडचा व्यवस्थापक बिल सिडन्स अमेरिकेहून पॅरिसला पोहोचला, तेव्हा त्याला दिसली ती बंद केलेली शवपेटी आणि मृत्यूचा दाखला. त्याने मृतदेह पाहिला नाही. पेर लाशेझ स्मशानभूमीतील दफनाला फ्रेंच दिग्दर्शिका आन्येस वार्दा यांच्यासह जेमतेम पाच जण होते. बँडमधील सहकारी नव्हते, आईवडीलही नव्हते.

पहिली शंका उठली ती तो मेलाच नसल्याची. प्रसिद्धीला कंटाळून परागंदा होण्याच्या गोष्टी तो पूर्वी गमतीने करीत असे. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या गाजलेल्या चरित्राने ही शक्यता खुली ठेवली आणि २००१ मध्ये खुद्द मॅन्झारेकने मरण पावल्याचे सोंग करून दूर जाऊन राहिलेल्या रॉक गायकावर कादंबरी लिहिली. २०२५ मधील एका माहितीपट मालिकेनेही हाच धागा पुन्हा उचलला. परंतु असे सोंग वठविण्यासाठी जवान, पोलिस व डॉक्टर या साऱ्यांना सामील करून घ्यावे लागले असते. शिवाय मॉरिसनची सारी मालमत्ता मृत्युपत्रानुसार पामेलाकडे आणि पुढे दोन्ही कुटुंबांकडे गेली. त्यावर हक्क सांगायला कोणीही परतले नाही.

दुसरी शंका सरकारी कटाची. निक्सन राजवटीला नकोसे झालेले तरुणांचे नायक वेचून संपविण्यात आले, असे मानणारे हेंड्रिक्स, जॉप्लिन व मॉरिसन यांची नावे एका माळेत ओवतात. एफबीआयच्या नोंदी हा त्यांचा आधार. पण पाळत ठेवणे आणि जीव घेणे यांत मोठे अंतर आहे. ते पार करणारा पुरावा अर्धशतक उलटूनही पुढे आलेला नाही.

तिसरी शंका अधिक गांभीर्याने घेण्याजोगी आहे. मॉरिसनचा मित्र आलँ रोने याने १९९१ मध्ये लिहिले, की पामेलाने त्याच्याजवळ हेरॉइन सेवनाची कबुली दिली होती. २००७ मध्ये ‘रॉक अँड रोल सर्कस’ या पॅरिसमधील नाइट क्लबचे तेव्हाचे व्यवस्थापक सॅम बर्नेट यांनी पुस्तकातून दावा केला, की मॉरिसन क्लबच्या स्वच्छतागृहातच हेरॉइनने गेला आणि बभ्रा टाळण्यासाठी त्याला घरी नेऊन टबमध्ये ठेवण्यात आले. २०१४ मध्ये गायिका मॅरिअन फेथफुल यांनी आपला तेव्हाचा मित्र जाँ द ब्रेतय याने पुरविलेल्या जहाल हेरॉइनने हा बळी घेतल्याचे सांगितले. घर की क्लब, यावर या साक्षी जुळत नाहीत. कारणावर मात्र जुळतात. त्यांना दुजोरा देऊ शकली असती ती एकच गोष्ट, शवविच्छेदन. तीच झाली नाही.

उरलेले हिशेब

या गदारोळात पामेलाची शोकांतिका झाकोळली. कोणी तिला कटात सामील ठरविले, कोणी मृत्यूला जबाबदार. अमेरिकेत परतल्यावर ती सावरली नाहीच. २५ एप्रिल १९७४ रोजी हेरॉइनच्या अतिसेवनानेच तिचाही अंत झाला. वय तेच, सत्तावीस. तिच्या मृत्यूभोवती गूढकथा रचाव्यात असे फारसे कोणाला वाटले नाही. व्यसनाने घेतलेला बळी एवढा उघड असला, की कथेला जागा उरत नाही. मॉरिसनच्या चाहत्यांना खुपत आले आहे ते बहुधा हेच साधे कारण. ज्याला देवत्व दिले, तो न्हाणीघरात व्यसनाने मेला हे स्वीकारण्यापेक्षा तो कुठेतरी जिवंत आहे वा कोणीतरी त्याला मारले, हे मानणे सोपे जाते.

पेर लाशेझमधील त्याच्या कबरीवर प्रारंभी धड खूणही नव्हती. १९८१ मध्ये तेथे त्याचा अर्धपुतळा बसविण्यात आला. १९८८ मध्ये तो चोरीला गेला. पुढे ज्या वडिलांना मुलाने हयातीतच मृत ठरविले होते, त्यांनीच ग्रीक भाषेतील लेख कोरलेली पट्टी कबरीवर बसविली. तो आपल्या अंतरात्म्याशी प्रामाणिक राहिला, असा त्याचा आशय. वडील २००८ मध्ये निवर्तले. दोन वर्षांनी, डिसेंबर २०१० मध्ये, फ्लोरिडाने मायामी प्रकरणात मॉरिसनला मरणोत्तर माफी दिली.

चोरीला गेलेला पुतळा मे २०२५ मध्ये पॅरिस पोलिसांना एका आर्थिक गुन्ह्याच्या तपासात अचानक सापडला. ३७ वर्षांनी तेवढे एक कोडे तरी सुटले. ३ जुलै १९७१ च्या त्या रात्रीचे कोडे मात्र बंद शवपेटीबरोबर जमिनीत गेले आणि तेथेच राहिले.