थरथरीचं मूळ शोधणारा माणूस : फ्रेडरिक लँचेस्टर

धारूरचा घाट उतरून आलेली मोटार पायथ्याला चहासाठी थांबते. ब्रेक तापलेले असतात, चाकाजवळ करपल्यासारखा वास येत असतो आणि ड्रायव्हर ब्रेकवर पाय तसाच दाबून खिडकीतूनच चहा घेतो. पुढे सपाट रस्त्याला लागल्यावर ८०-९० च्या वेगात ब्रेक लावला की स्टेअरिंग हातात थडथडायला लागतं. गॅरेजमधलं निदान ठरलेलं असतं. डिस्क वाकडी झाली, लेथवर फेस मारून घ्या! पैसे जातात, काही महिने बरे जातात आणि पुन्हा थडथड सुरू. गाडी जितकी वजनदार आणि वेगवान, तितका हा त्रास जास्त.

व्हायब्रेशनच्या पुस्तकात आपल्याला ‘लँचेस्टर डॅम्पर’ भेटतो. एक छोटी टीप म्हणून आपण तो पाठ करतो, पेपरात उतरवतो आणि विसरून जातो. पण ज्या माणसाचं हे नाव, त्याच्या आयुष्यात वरच्या प्रश्नाचं उत्तर दडलेलं आहे. विशेष म्हणजे १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेणाराही तोच!

फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनमध्ये झाला. वडील आर्किटेक्ट होते. साउदम्प्टनला आणि नंतर लंडनच्या केन्सिंग्टन भागातील विज्ञानाच्या शाळेत त्यांनी शिक्षण घेतले. पदवी मात्र घेतली नाही. एटीकेटीवाल्यांनी लगेच खूश होऊ नये! कारण दिवसा विज्ञान शिकणारा हा मुलगा संध्याकाळी फिन्सबरीच्या टेक्निकल स्कूलमध्ये वर्कशॉपचे वर्ग करत होता. कागदावरचं गणित आणि हाताला लागलेलं ग्रीस, दोन्ही त्याला सारखंच प्रिय होतं.

काही काळ पेटंटची ड्रॉइंग काढण्याचे काम केल्यावर ते बर्मिंगहॅमच्या एका गॅस इंजिन कारखान्यात सहायक व्यवस्थापक म्हणून रुजू झाले. नोकरीच्या करारात एक अट होती : कामगाराने लावलेला कोणताही शोध कंपनीच्या मालकीचा राहील. विशीतल्या या पोराने सही करण्याआधी ती ओळ सरळ खोडून टाकली! पुढे इंजिनचा वेग सांभाळणारा गव्हर्नर आणि इंजिन सुरू करणारा स्टार्टर त्यांनी तिथेच तयार केला आणि पेटंट स्वतःच्या नावावर ठेवले. कॅम्पस इंटरव्ह्यूनंतर हाती येणारे कागद न वाचता सही करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

१८९५-९६ मध्ये फ्रेडरिक यांनी आपला भाऊ जॉर्जच्या मदतीने पहिली मोटार उभी केली. त्या काळातल्या बहुतेक मोटारी म्हणजे घोडागाडीला जोडलेलं धडधडतं इंजिनच. त्यात बसणाऱ्याची हाडं खिळखिळी व्हायची. इतर लोक सीटखालची गादी जाड करत होते. लँचेस्टर यांनी वेगळा प्रश्न विचारला : मुळात इंजिन हलतं का?

पिस्टन पुढे-मागे होतो, त्याचा धक्का इंजिनच्या बॉडीला बसतो. म्हणून त्यांनी इंजिनात एकावर एक असे दोन क्रँकशाफ्ट बसवले. एक सुलट फिरायचा, दुसरा उलट. एकाचा धक्का दुसऱ्याच्या धक्क्याने मारला जाई. डिसेंबर १८९९ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि तिच्या दोन सिलिंडरच्या, सुमारे ४ लिटरच्या गाड्यांत हीच रचना होती. मुंबईत जन्मलेले लेखक रुडयार्ड किपलिंग यांनी ही गाडी घेतली. क्रिकेटपटू रणजितसिंहजी, म्हणजे नवानगरचे जामसाहेब, हेसुद्धा लँचेस्टर गाड्यांचे शौकीन होते.

आता ब्रेककडे येऊ. चाकाबरोबर फिरणारी धातूची पातळ तबकडी आणि तिची कड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे जबडे, ही १९०२ च्या पेटंटमधली कल्पना. आज आपल्या बाईकच्या पुढच्या चाकात डोकावून पाहा, तत्त्व तेच आहे! पण अडचण आली ती मटेरियलची. जबड्यांना अस्तर होते तांब्याचे. धातूवर धातू घासल्याने कानठळ्या बसवणारी किंचाळी निघायची, आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर तांबं भराभर झिजायचं. १९०७ च्या सुमारास इंग्लंडमधल्याच हर्बर्ट फ्रूड यांनी ॲस्बेस्टॉसचे अस्तर आणले आणि आवाज व झीज दोन्ही कमी झाली. (ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसाला घातक असल्याचे कळल्यावर अनेक देशांनी त्यावर बंदी घातली, हे नंतरचे.) तरीही डिस्क ब्रेक सर्वत्र पसरायला आणखी कित्येक वर्षे जावी लागली. कल्पना बरोबर होती, पण काळ तिच्या मागे होता.

१९०४ मध्ये पैशाअभावी कंपनी अडचणीत आली आणि तिची नव्याने मांडणी करावी लागली. १९०९ पासून लँचेस्टर डेमलर कंपनीचे सल्लागार झाले. त्या काळात लांब क्रँकशाफ्टच्या सहा सिलिंडर इंजिनांना एक विचित्र रोग जडला होता. ठरावीक वेगाला इंजिन भयंकर थरथरे, कधी क्रँकशाफ्टच तुटे. शाफ्ट जाड करा, असा सोपा उपाय कुणीही सुचवला असता. लँचेस्टर यांनी ओळखले की शाफ्ट वाकत नाही, तर पिळला जातोय. सिलिंडरचे धक्के आणि शाफ्टची स्वतःची नैसर्गिक वारंवारता जुळली की पीळ वाढत जातो. उपाय म्हणून त्यांनी शाफ्टच्या मोकळ्या टोकाला घर्षणाच्या चकत्यांमधून एक छोटे फ्लायव्हील जोडले. शाफ्ट नीट फिरतो तेव्हा ते त्याच्याबरोबर फिरते. शाफ्टला झटका बसला की ते घसरते आणि थरथरीची ऊर्जा उष्णतेत बदलून टाकते. हाच आपला लँचेस्टर डॅम्पर!

पाठोपाठ चार सिलिंडर इंजिनसाठी त्यांनी दुप्पट वेगाने उलटसुलट फिरणाऱ्या दोन वजनदार शाफ्टची युक्ती काढली. १९७० च्या दशकात मित्सुबिशीने हे तत्त्व पुन्हा वापरात आणले आणि पोर्शेने आपल्या ९४४ या स्पोर्ट्स कारमध्ये ते घेतले.

आता लँचेस्टर यांची पद्धत आपल्या थडथडणाऱ्या ब्रेकला लावून पाहू. थरथर किती वेळा होते, हा पहिला प्रश्न. चाकाचा परीघ १.९ मीटर धरला तर ताशी १०० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे १५ फेरे मारतं. थडथड वेगाबरोबर बदलत असेल तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या भागात आहे. फक्त ब्रेक लावल्यावरच होते का? नसेल तर आधी व्हील बॅलन्सिंग पाहा. स्टेअरिंग हलत असेल तर बहुधा पुढचे ब्रेक, सीट हलत असेल तर मागचे.

मग डिस्क खरंच वाकडी असते का? बहुतेक वेळा नाही. तिची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नसते, एवढंच. १०-२० मायक्रॉनचा फरकसुद्धा पायाला जाणवू शकतो. आपला केस त्याहून कितीतरी जाड! हा फरक दोन वाटांनी येतो. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी उभी ठेवली की पॅडचं मटेरियल तिथेच चिकटतं. घाटाखालच्या चहाची आठवण झाली ना? दुसरी वाट म्हणजे हबच्या तोंडावरचा गंज. त्यामुळे डिस्क किंचित तिरकी बसते, ब्रेक न लावताही प्रत्येक फेऱ्याला एकाच जागी पॅडला घासते आणि काही हजार किलोमीटरमध्ये जाडी बदलते. म्हणूनच नुसती डिस्क लेथवर नेऊन किंवा नवी टाकूनही थडथड परत येते. दोष डिस्कमध्ये दिसतो, पण मूळ हबमध्ये असतं.

त्यामुळे क्रम असा ठेवावा. डिस्कची जाडी मायक्रोमीटरने सात-आठ जागी मोजावी. डायल गेज लावून डिस्कचा रनआउट पाहावा, मग डिस्क काढून हबचाही पाहावा. गंज साफ करावा. डिस्क एक-दोन बोल्ट फिरवून बसवून पुन्हा मोजावं. कंपनीच्या पुस्तकातली मर्यादा पाळावी. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचनेच आवळावेत. नवे पॅड असतील तर पूर्ण न थांबता, वेग कमी करत करत, मध्ये थंड होऊ देत त्यांना डिस्कवर बसवावं. डायल गेज आपल्या वर्कशॉपच्या कपाटात आहेच, फक्त प्रॅक्टिकलच्या दिवशीच बाहेर येतो!

लँचेस्टर यांनी विमानाच्या पंखाला उचल कशी मिळते यावरही मूलभूत काम केले. १८९७ मध्ये त्यांचा यावरचा निबंध नाकारला गेला होता. पण १९०७ आणि १९०८ मध्ये त्यांचे दोन ग्रंथ आले आणि पुढे जर्मनीच्या प्रांटल यांच्याबरोबर त्यांचेही नाव या सिद्धांताला लागले. १९२२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

मान मिळाला, पैसा मात्र नाही. सल्लागारीचे काम सुटले, १९३१ मध्ये लँचेस्टर कंपनी दुसऱ्यांच्या ताब्यात गेली. आयुष्यभर थरथरीशी झुंजलेल्या या माणसाला म्हातारपणी कंपवाताने गाठले, डोळ्यांत मोतीबिंदू झाले. ८ मार्च १९४६ रोजी बर्मिंगहॅमच्या राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्यानंतर सातच वर्षांनी, १९५३ मध्ये, फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जग्वार सी-टाइप गाडीने जिंकली. तिच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. ते पाहायला लँचेस्टर नव्हते.

मित्रहो, आपल्यातले बरेच जण उद्या नोकरीला लागतील, काही जण बीडला, अंबाजोगाईला स्वतःचं वर्कशॉप टाकतील. समोर गाडी येईल आणि गिऱ्हाईक म्हणेल, लवकर करा. तेव्हा लेथकडे धावण्याआधी एकदा डायल गेज लावा. त्यात अर्धा तास जाईल, पण ती गाडी त्याच तक्रारीसाठी पुन्हा दारात येणार नाही.