बिनतारी विद्येचे प्रवर्तक मार्कोनी

ज्या विद्येला आपण 'बिनतारी' म्हणतों, तिचें काम तारेवांचून मुळींच चालत नाहीं. गांवाला गांव जोडणाऱ्या तारेची तिला गरज नसते, हें खरें. परंतु संदेश धाडणाऱ्याकडे एक उंच ताणलेली तार लागते आणि घेणाऱ्याकडेही एक लागते. हिलाच एरियल म्हणतात. या साध्या तारेंत केवढें सामर्थ्य आहे, हें ज्यांनीं जगाला दाखविलें त्या गुल्येल्मो मार्कोनी यांचें चरित्र आमच्या विद्यार्थिवाचकांपुढें व त्यांच्या पालकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मार्कोनी यांचा जन्म इटलींतील बोलोन्या शहरीं २५ एप्रिल १८७४ रोजीं झाला. वडील सधन जमीनदार होते व आई आयर्लंडची होती. शाळेंत या मुलानें नांव मिळविलें नाहीं. विद्यापीठांतही त्याचा रीतसर प्रवेश झाला नाहीं. विजेच्या प्रयोगांचा नाद मात्र त्याला लहानपणापासून होता. १८९४ सालीं हर्ट्झ हे जर्मन शास्त्रज्ञ निवर्तले. विजेच्या लहरी आकाशांतून प्रवास करतात, हें त्यांनीं सिद्ध केलें होतें. त्यांच्या कार्याविषयींचें लिखाण वीस वर्षांच्या मार्कोनीच्या वाचनांत आलें आणि या लहरींकडून निरोप्याचें काम करून घ्यावें, या विचारानें त्याला घेरलें.

घराच्या माडीवर त्याचे प्रयोग सुरू झाले. आईनें त्याला उत्तेजन दिलें. प्रथम संदेश कांहीं यार्डांच्या पलीकडे जाईना. १८९५ सालीं त्यानें यंत्राचें एक टोंक उंच टांगलेल्या तारेला व दुसरें टोंक जमिनींत पुरलेल्या पत्र्याला जोडलें. तार जितकी उंच करावी तितका संदेश दूर जाऊं लागला. पुढें टेकडीच्या पलीकडे भाऊ बंदूक घेऊन उभा राहिला. संदेश पोहोंचतांच त्यानें बार काढला. डोंगर आड आला तरी लहरी अडत नाहींत, असें त्या आवाजानें सिद्ध झालें.

१८९६ सालीं मार्कोनी आईसह इंग्लंडला गेले. तेथील टपाल खात्याचे मुख्य अभियंते प्रीस यांनीं त्यांना साहाय्य केलें. त्याच वर्षीं त्यांनीं पेटंटासाठीं अर्ज केला; १८९७ च्या मे महिन्यांत ब्रिस्टलच्या खाडीवरून संदेश गेला आणि १८९९ सालीं इंग्लंड व फ्रान्स यांमधील समुद्र ओलांडला गेला.

आतां त्यांनीं अटलांटिक महासागराकडे दृष्टि वळविली. पृथ्वी गोल आहे व लहरी सरळ रेषेंत जातात; तेव्हां त्या आकाशांत निघून जातील, असें पुष्कळ विद्वानांचें मत होतें. मार्कोनी यांनीं इंग्लंडच्या पोल्डू या ठिकाणीं सुमारें दोनशें फूट उंचीचे वीस खांब वर्तुळाकार उभे करून त्यांवर तारा चढविल्या. सप्टेंबर १९०१ मध्यें वादळानें ते सर्व खांब कोसळले. पलीकडे अमेरिकेंत उभारलेल्या खांबांचीही पुढें तीच गत झाली. एवढा खर्च मातीला मिळाला असतां दुसरा कोणी स्वस्थ बसता. त्यांनीं मात्र पोल्डूस दोन खांबांमध्यें पंख्याच्या आकारानें तारा लावून घेतल्या व ते स्वतः न्यूफाउंडलंडला गेले. तेथें खांब रोवण्यास वेळ नव्हता, म्हणून मोठ्या वावडीच्या दोरीबरोबर सुमारें पांचशें फूट तार वाऱ्यावर चढविली. सोसाट्याच्या वाऱ्यानें एक वावडी तुटून गेली. दुसरी कशीबशी टिकली. १२ डिसेंबर १९०१ रोजीं दुपारीं कानाला लावलेल्या यंत्रांत इंग्रजी 'एस्' या अक्षराचे तीन ठोके ऐकूं आले, असें त्यांनीं व त्यांचे सहकारी केंप यांनीं नमूद केलें.

या श्रवणाचा लेखी पुरावा नव्हता, म्हणून शंका उत्पन्न झाल्या. त्या आजही पुरत्या मिटलेल्या नाहींत. मार्कोनी यांनीं वादांत वेळ दवडला नाहीं. १९०२ च्या फेब्रुवारींत 'फिलाडेल्फिया' जहाजावर कागदाच्या फितीवर संदेश उमटवून घेतले. रात्रीं दोन हजार मैलांवर ठोके उमटले. दिवसां मात्र सातशें मैलांपलीकडे कांहीं मिळेना. वातावरणाच्या उंच थरांत लहरींना परतविणारा एक विद्युन्मय पडदा आहे, म्हणून त्या पृथ्वीच्या गोलाईवरून पलीकडे पोहोंचतात. आणि त्याचा खालचा थर दिवसां लांब लहरी शोषून घेतो, हा उलगडा पुढें शास्त्रज्ञांनीं केला.

१९०९ सालीं मार्कोनी यांना ब्राउन यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. १९१२ सालीं 'टायटॅनिक' जहाज बुडालें तेव्हां बिनतारी हांकेमुळेंच मदत धांवून आली व सातशेंहून अधिक प्राण वांचले. मात्र हें यश एकट्याचें नव्हे. आपले जगदीशचंद्र बोस त्याच सुमारास कलकत्त्यांत या लहरींचे प्रयोग करीत होते. न्यूफाउंडलंडला वापरलेल्या पाऱ्याच्या ग्राहकासारखें यंत्र त्यांनीं १८९९ सालींच प्रसिद्ध केलें होतें.

दोनशें मीटरांहून आंखूड लहरी निरुपयोगी समजून सरकारांनीं त्या हौशी लोकांकडे सोडल्या होत्या. त्याच लहरींवर अमेरिका व फ्रान्स यांतील हौशी मंडळींनीं १९२३ सालीं महासागरापलीकडे संभाषण केलें. मार्कोनी यांनींही त्या सुमारास आंखूड लहरींचा अभ्यास केला आणि उंच मनोऱ्यांमधून तारांचे पडदे टांगून एकाच दिशेला लहरी फेंकण्याची पद्धति त्यांच्या कंपनीनें सिद्ध केली. १९२७ सालीं याच पद्धतीनें पुण्याजवळील खडकीहून संदेश विलायतेस जाऊं लागले. तिकडून येणारे दौंडास घेतले जात.

चरित्रकारानें दोष झांकूं नयेत. मार्कोनी १९२३ सालीं मुसोलिनीच्या पक्षांत शिरले व अखेरपर्यंत त्या राजवटीचे मानकरी राहिले. बुद्धीचा मोठेपणा व विवेकाचा मोठेपणा नेहमींच एकत्र नांदत नाहींत, हें यावरून ध्यानांत घ्यावें. २० जुलै १९३७ रोजीं रोम येथें त्यांचा अंत झाला. त्यांच्या सन्मानार्थ इंग्लंडांतील बिनतारी केंद्रें दोन मिनिटें मूक राहिलीं.

पांझरेच्या कांठच्या आमच्या पिंपळनेरच्या विद्यार्थ्यांस या चरित्रांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे. हौशी रेडिओचें काम आजही साध्या तांब्याच्या तारेवर चालतें. चाळीस मीटरच्या लहरीसाठीं सुमारें वीस मीटर तार घ्यावी, ती मध्यें तोडून तेथें यंत्राकडे जाणारी जोडतार लावावी आणि दोन्ही टोंकें निरोधकांनीं झाडांस बांधावीं. ऐंशी मीटरसाठीं लांबी दुप्पट. अशी तार फार उंच नसली तर लहरी बऱ्याचशा वर जाऊन परततात व शेंकडों मैलांच्या परिसरांत उतरतात. सह्याद्रीचे डोंगर त्यांस आडवे येत नाहींत. संदेश धाडण्यास सरकारी परीक्षा व परवाना लागतो. विजेच्या तारांजवळ एरियल कदापि बांधूं नये आणि गडगडाटाच्या वेळीं त्यास हात लावूं नये, हें पालकांनींही पाहावें. वीस खांब कोसळल्यावर वावडी उडविणारा मनुष्य डोळ्यांपुढें ठेवला, तर प्रयोगशाळेंत साधनें थोडीं आहेत ही सबब सांगण्यास आपली जीभ सहसा धजणार नाहीं.