पोलादाचा स्वभाव ओळखणारी कॉन्स्टन्स

आमच्या मंगळवार पेठेतून उद्यमनगरात कामाला जाणारे खूप. त्यामुळं कास्टिंग, वेल्डिंग हे शब्द आम्हा बायकांच्याही कानावर सतत पडतात. माल तडकला की पहिला राग निघतो कारागिरावर. दोष धातूचाच असेल तर? हे शोधणाऱ्या कॉन्स्टन्स टिपरबद्दल मला म्हणूनच सांगावंसं वाटतं.

जन्म १८९४ चा, इंग्लंडमधला. माहेरचं नाव एलम. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात ती शिकली. तिथं तेव्हा मुलींनी परीक्षा द्यायची, पण पदवीचा पूर्ण मान मिळायचा नाही. तो मिळायला १९४८ साल उजाडलं!

धातूत बारीक स्फटिक दाटीवाटीनं बसलेले असतात. लंडनला कार्पेंटर या प्राध्यापकांबरोबर तिनं ॲल्युमिनियमचा अख्खा तुकडा एकाच स्फटिकाचा होईल, अशी युक्ती साधली. मग तो ताणायचा आणि त्यावर क्ष-किरण सोडायचे. अणूंच्या रांगांवरून हे किरण ठरावीक कोनातच परततात, त्यालाच विवर्तन म्हणतात. त्यावरून रांगा किती वळल्या ते कळतं. १९२३ मध्ये जी. आय. टेलर यांच्याबरोबर तिनं दाखवलं, की ताणलेल्या धातूचे थर पत्त्यांसारखे एकमेकांवरून घसरतात. तार पुनःपुन्हा वाकवली की तुटते ना? तो धातूचा थकवा. त्याची सुरुवातही अशा घसरण्यातूनच होते, आणि पुढं संशोधकांनी त्याचा माग क्ष-किरणांनीच काढला.

१९२८ मध्ये तिनं जॉर्ज टिपर यांच्याशी लग्न केलं. ते भूगर्भशास्त्रज्ञ, आपल्याकडच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात काम केलेले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं २,७०० हून अधिक ‘लिबर्टी’ जहाजं घाईघाईनं बांधली, रिव्हेटऐवजी वेल्डिंग करून. थंड समुद्रात काही जहाजं अचानक दुभंगली. बोट गेलं वेल्डिंगकडं. त्या गोद्यांत हे काम नव्यानं शिकलेल्या कितीतरी बायकाही होत्या, हे विसरू नका. कॉन्स्टन्सनं पोलादच तपासलं. ठरावीक थंडीखाली ते काचेसारखं ठिसूळ व्हायचं! वेल्डिंगचाही वाटा होताच, पण वेगळा. रिव्हेटच्या जहाजात तडा पत्र्याच्या कडेशी थांबायचा, इथं सलग पत्र्यातून सुसाट धावायचा.

केंब्रिजनं तिला १९४९ मध्ये रीडर केलं, म्हणजे पन्नाशी उलटल्यावर. १९६० मध्ये ती निवृत्त झाली आणि १९९५ मध्ये, १०१ वर्षांची होऊन गेली. १९२३ च्या निबंधावर तिचं माहेरचं नाव आहे. पोलादाचा ठिसूळपणा जोखणाऱ्या चाचणीला सासरचं, ‘टिपर चाचणी’.